गोंग ली : जाब मागणारी अभिनेत्री

चित्रपटसृष्टींत पारितोषिकांना तोटा नाहीं. दरवर्षीं निरनिराळ्या नगरांत महोत्सव भरतात, परीक्षकमंडळें बसतात, सोन्यारुप्याचे सिंह आणि अस्वलें वांटलीं जातात, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांतील पुष्कळ मानकऱ्यांचीं नांवें लोकांच्या स्मरणांतून निघून जातात. एखाद्या नटीच्या मोठेपणाचें माप केवळ तिच्या पारितोषिकांच्या संख्येवरून घेऊं नये, हें खरेंच. परंतु कधीं कधीं ही यादीच नीट वाचली, कोणता मान कोणत्या भूमिकेस मिळाला हें लक्षपूर्वक पाहिलें, तर त्या कलावतीच्या साऱ्या कारकीर्दीचें सूत्र हातीं लागतें. चीनची विख्यात चित्रपट-अभिनेत्री गोंग ली हिची गोष्ट अशीच आहे. सौंदर्यासाठीं जगभर वाखाणल्या गेलेल्या या स्त्रीला सर्वांत मोठा मान मिळाला, तो अशा एका भूमिकेबद्दल, कीं जींत तिचें सौंदर्य कापूस भरलेल्या जाड बंडींत, डोक्याला गुंडाळलेल्या फडक्यांत आणि गरोदरपणाच्या जड चालींत अगदीं झांकून गेलें होतें.

गोंग ली हिचा जन्म ३१ डिसेंबर १९६५ रोजीं ईशान्य चीनमधील शेनयांग शहरीं झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पांच भावंडांत ती सर्वांत धाकटी. तिचें बालपण शांडोंग प्रांताच्या जिनान या राजधानींत गेलें. तिच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांनीं, १९६६ सालीं, चीनमध्यें 'सांस्कृतिक क्रांती'चा वणवा पेटला आणि तो दहा वर्षें धुमसत राहिला. त्या काळांत विद्यालयें बंद पडलीं, अध्यापकांची भर चौकांत विटंबना झाली, आणि रंगभूमीवर ठराविक क्रांतिनाट्यांखेरीज फारसें कांहीं उरलें नाहीं. अशा दिवसांत वाढलेल्या या मुलीला प्रथम गायिका होण्याची हौस होती. तें दार उघडलें नाहीं. पण १९८५ सालीं बीजिंग येथील मध्यवर्ती नाट्यविद्यालयांत तिला प्रवेश मिळाला.

याच सुमारास चिनी चित्रपटांत नवें वारें वाहूं लागलें होतें. क्रांतीच्या धामधुमींत बंद पडलेली बीजिंगची चित्रपट-शाळा १९७८ सालीं पुन्हा विद्यार्थी घेऊं लागली, आणि १९८२ सालीं तेथून एक नवी पिढी बाहेर पडली. चिनी लोक तिला 'पांचवी पिढी' म्हणतात. हे तरुण केवळ पुस्तकांवर वाढलेले नव्हते. त्यांतील कित्येकांनीं ऐन उमेदीचीं वर्षें शेतांत आणि कारखान्यांत राबण्यांत घालविलीं होतीं. झांग यिमोउ हा त्यांपैकींच एक. शेतावर आणि कापडाच्या गिरणींत कष्ट उपसून मग त्यानें कॅमेरा हातीं धरला होता. छायालेखक म्हणून नांव कमावल्यावर तो आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित करावयास निघाला, तेव्हां नायिकेच्या भूमिकेसाठीं त्यानें नाट्यविद्यालयांतील या विद्यार्थिनीची निवड केली.

तो चित्रपट म्हणजे १९८७ सालचा 'रेड सॉर्घम', अर्थात् 'तांबडा जोंधळा'. पुढें २०१२ सालीं साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झालेला मो यान हा त्याच्या मूळ कथेचा लेखक. एका खेड्यांतील मुलीचा बाप एका खेचराच्या मोबदल्यांत तिला दारूची भट्टी चालविणाऱ्या एका महारोग्याच्या गळ्यांत बांधतो. लाल मेण्यांत बसून ती सासरीं निघते. मेणा वाहणारे भोई तिची थट्टा करण्यासाठीं मुद्दाम हिसके देत, धूळ उडवीत, गात गात चालतात. आंत बसलेल्या त्या वधूच्या मुद्रेवर भय, संताप आणि जगण्याची अनावर इच्छा यांचा खेळ चाललेला असतो. वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें तो इतक्या सहजतेनें दाखविला, कीं पाहणाऱ्यांना ती नवखी वाटलीच नाहीं. १९८८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत या चित्रपटाला 'सुवर्ण-अस्वल' हें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. चिनी चित्रपटाला तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वींच गोंग लीचें नांव देशोदेशीं जाऊन पोंचलें.

त्यानंतरच्या दोन चित्रपटांत हेंच विकल्या गेलेल्या स्त्रीचें दुःख अधिक गडद झालें. १९९० सालच्या 'जू दोउ'मध्यें एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानें पैसे मोजून आणलेली तरुण बायको तिनें उभी केली. रंगविलेल्या लांबच लांब कापडांच्या पिवळ्या-तांबड्या पट्ट्या छतापासून जमिनीपर्यंत लोंबत आहेत, आणि त्या झगझगाटाखालीं रोज रात्रीं मारहाण चालली आहे, असें तें घर. म्हाताऱ्याचा पुतण्या भिंतीच्या भोकांतून तिला चोरून पाहत असतो. हें तिला कळतें, तेव्हां ती भोंक बुजविते. पण एके दिवशीं ती त्या भोकाकडे तोंड करून उभी राहते आणि अंगावरचे वळ त्याला दाखविते. त्या क्षणीं चोरून पाहणाराच खजील होतो. एक शब्द न बोलतां एका स्त्रीनें घरादाराला विचारलेला तो जाब आहे. परभाषी चित्रपटांच्या विभागांत ऑस्करसाठीं नामनिर्देशन मिळालेला हा पहिला चिनी चित्रपट होय.

दुसरा चित्रपट १९९१ सालचा 'रेझ द रेड लँटर्न'. सू तोंग याच्या कथेवर तो आधारलेला आहे. बाप वारल्यामुळें विद्यापीठांतलें शिक्षण अर्धवट टाकून एका श्रीमंताची चौथी बायको व्हावें लागलेली सोंगल्येन ही त्याची नायिका. चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर तिचा चेहरा तेवढा दिसतो. लग्नाला संमति देतांना आवाज कोरडाच राहतो, आणि मग डोळ्यांतून पाणी ओघळूं लागतें. पुढें त्या वाड्यांत जिच्या अंगणांत धनी रात्रीं येणार, तिच्या अंगणांत तांबडे कंदील लागतात. बाकीच्या तिघींनीं अंधारांत बसावें. धन्याचा चेहरा प्रेक्षकांना कधींच नीट दिसत नाहीं. दिसतात त्या कंदिलासाठीं एकमेकींचा घात करणाऱ्या बायका. सोंगल्येन स्वतःहि त्या चढाओढींत उतरते, निर्दय होते, आणि शेवटीं तिचें मन भ्रमतें. नायिकेच्या वांट्याला आलेल्या अन्यायाबरोबर तिच्या हातून घडलेला अन्यायहि गोंग लीनें लपविला नाहीं, म्हणून ती भूमिका केवळ करुण न राहतां खरी झाली. व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटास 'रौप्यसिंह' मिळाला, आणि ऑस्करसाठीं त्याचेंहि नामनिर्देशन झालें.

परदेशीं असा गौरव होत असतां स्वदेशीं मात्र हे दोन्ही चित्रपट अडवून ठेवलेले होते. चीनमधील प्रेक्षकांना ते पाहण्याची परवानगी १९९२ सालीं मिळाली. जिच्या कलेनें देशाचें नांव दूरवर नेलें, तिचीं चित्रें तिच्याच देशबांधवांपासून दूर ठेवावीं, हा योग तिच्या कारकीर्दींत एकदांच आलेला नाहीं.

त्याच वर्षीं, १९९२ सालीं, तिची सर्वांत गाजलेली भूमिका लोकांपुढें आली. 'च्यू जूची कहाणी' हा त्या चित्रपटाचा विषय थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. उत्तर चीनमधील एका खेड्यांत च्यू जू या शेतकरणीच्या नवऱ्याचें गांवच्या मुख्याशीं भांडण होतें. मुख्याला चार मुली, मुलगा नाहीं; नवरा त्यावरून त्याला टोचून बोलतो, आणि चिडलेला मुख्या त्याच्या जांघेंत लाथ मारतो. नवरा अंथरुणाला खिळतो. च्यू जूचें म्हणणें एवढेंच असतें, कीं लाथ कां मारली हें मुख्यानें सांगावें आणि चूक कबूल करावी. तिला भरपाई नको, सूड नको. तिला जाब हवा असतो. तालुक्याचा अधिकारी तडजोड करून पैसे देववितो. मुख्या नोटा आणतो, पण तिच्या हातीं न देतां जमिनीवर टाकतो. एक एक नोट उचलतांना ती आपल्यापुढें वांकेल, असा त्याचा हिशेब. ती नोटा तशाच टाकून निघून जाते.

मग तिची पायपीट सुरू होते. घरच्या तांबड्या मिरच्या बाजारांत विकायच्या, आलेल्या पैशांवर नणंदेला बरोबर घेऊन प्रवासाला निघायचें, बर्फांतून एका कचेरींतून वरच्या कचेरींत जायचें, आणि प्रत्येक ठिकाणीं तोच प्रश्न विचारायचा. सगळे अधिकारी सभ्य आहेत, कोणी तिला हांकलून देत नाहीं. पण जें ती मागते तें कोणाच्याच कागदांत बसत नाहीं. ही भूमिका करतांना गोंग लीनें शेन्सी प्रांताची ग्रामीण बोली आत्मसात् केली आणि पोटावर उशी बांधून ती हजारो लोकांच्या गर्दींत वावरली. चित्रपटांतील बहुतेक माणसें व्यवसायानें नट नव्हतीं. शहरांतील पुष्कळ दृश्यें कॅमेरा लपवून घेतलेलीं आहेत, आणि आसपासच्या लोकांना आपल्यामध्यें एक नामांकित नटी उभी आहे याचा पत्ताहि नव्हता. ज्या चेहऱ्यावर जगाची दृष्टि खिळली होती, तो चेहरा गर्दींत हरवून जावा, यापरतें अभिनयाला दुसरें प्रशस्तिपत्र कोणतें?

कथेचा शेवट फार मार्मिक आहे. ऐन बाळंतपणांत च्यू जू अडते, आणि रात्रींच्या वेळीं तिला इस्पितळांत पोंचविण्यासाठीं तोच मुख्या धांवून येतो. मुलगा होतो. महिना भरल्यावर मेजवानी ठरते, मुख्यालाहि आग्रहाचें आमंत्रण जातें. त्याच दिवशीं न्यायालयाचा निकाल लागतो. तपासणींत नवऱ्याची बरगडी मोडल्याचें निष्पन्न झालेलें असतें, म्हणून पोलीस मुख्याला पकडून नेतात. बातमी ऐकून च्यू जू रस्त्याकडे धांवत सुटते. पण गाडी निघून गेलेली असते. तिच्या गोंधळलेल्या, हताश चेहऱ्यावर चित्र थांबतें. तिनें मागितला होता जाब, आणि कायद्यानें दिली शिक्षा. या दोहोंतलें अंतर संवादांत कोणी सांगत नाहीं. तें त्या एका चेहऱ्यावर वाचावें लागतें.

व्हेनिसच्या महोत्सवांत चित्रपटाला 'सुवर्णसिंह' आणि गोंग लीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा 'व्होल्पी चषक' मिळाला. स्वदेशींहि याच भूमिकेसाठीं तिला 'सुवर्ण-कोंबडा' हें पारितोषिक देण्यांत आलें. चिनी पंचांगाप्रमाणें कोंबड्याच्या वर्षीं, म्हणजे १९८१ सालीं, हीं पारितोषिकें सुरू झालीं, म्हणून त्यांना हें नांव पडलें. घरच्या आणि बाहेरच्या परीक्षकांचें मत या एका शेतकरणीच्या बाबतींत तरी एक झालें.

पुढच्याच वर्षीं चेन काइगे याच्या 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'मध्यें ती दिसली. बीजिंगच्या संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारा एक नट, त्याच्याबरोबर राजाचें काम करणारा त्याचा बालमित्र, आणि त्या मित्राची बायको जू-श्येन, अशा तिघांची ही कथा. मराठी रंगभूमीवर एके काळीं स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांनीं रसिकांना वेड लावलें होतें, तशीच ही चिनी परंपरा. जू-श्येन ही मूळची वेश्यागृहांतली. तेथून सुटतांना ती अंगावरचे दागिने आणि सांठवलेला पैका मालकिणीपुढें ओतते; शेवटीं पायांतले जोडेहि काढून ठेवते, आणि अनवाणी बाहेर पडते. आपली किंमत आपणच मोजून देणारी ही स्त्री. सांस्कृतिक क्रांतीच्या वेळीं मात्र तिचा नवरा जमावाच्या भयानें सर्वांसमक्ष तिला नाकारतो. त्या वेळीं तिच्या नजरेंत रागाचा अंशहि नसतो, केवळ आश्चर्य असतें. घरीं जाऊन ती जीव देते. १९९३ सालीं कान येथील महोत्सवांत या चित्रपटाला 'सुवर्ण-पर्ण' मिळालें, आणि न्यूयॉर्कच्या चित्रपट-समीक्षकांनीं गोंग लीला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री ठरविलें.

१९९४ सालच्या 'टू लिव्ह'मध्यें तिच्या नायिकेच्या जाबाला वेगळेंच वळण लागलें. या चित्रपटांत कानचें नटाचें पारितोषिक तिचा सहकलाकार गे योउ याला मिळालें. पण त्यांतील एक प्रसंग तिच्यावांचून उभाच राहिला नसता. नवऱ्याच्या एका जुन्या सोबत्याच्या मोटारीनें भिंत पडून तिचा लहान मुलगा मेला आहे. अपराधी वारंवार येतो, क्षमा मागतो, पैसे देऊं पाहतो. ती दाराआडून त्याला घालवून देते, आमचा एक जीव तुझ्याकडे येणें आहे, असें बजावते. वर्षें लोटतात. राजकारणाचें चक्र फिरतें, आणि त्या माणसाचाच छळ सुरू होतो. जीव द्यावा असें त्याच्या मनांत येतें. मध्यरात्रीं तो निरोप घेऊन निघालेला असतां ती प्रथमच दाराबाहेर येते, आणि एक जीव अजून येणें आहे, तेव्हां तुला जगलेंच पाहिजे, असें त्याला ओरडून सांगते. ज्या शब्दांनीं तिनें त्याला दूर ठेवलें होतें, त्याच शब्दांनीं ती त्याला मरणापासून परत बोलाविते. हा चित्रपट चीनमध्यें दाखविण्यास मनाई झाली.

१९९५ सालीं 'शांघाय ट्रायड' या चित्रपटाबरोबर गोंग ली आणि झांग यिमोउ यांची जोडी फुटली. कलेंतील सहकार्य आणि खाजगी आयुष्यांतील सहवास दोन्ही एकदम संपले. दिग्दर्शकानें घडविलेल्या मूर्तीला त्याच्यावांचून प्राण राहील काय, असा प्रश्न मनांत यावा असाच तो प्रसंग होता. त्याचें उत्तर २००० सालीं मिळालें. सुन झोउ यानें दिग्दर्शित केलेल्या 'ब्रेकिंग द सायलेन्स'मध्यें तिनें बहिऱ्या मुलाला साधारण शाळेंत घेतलें जावें म्हणून धडपडणारी, नवऱ्यापासून विभक्त झालेली, रस्त्यावर वर्तमानपत्रें विकणारी आई रंगविली. येथें तांबडे कंदील नव्हते, रेशीम नव्हतें, झांग यिमोउहि नव्हता. माँट्रियलच्या महोत्सवांत फ्रान्सच्या इझाबेल युपेर हिच्याबरोबर तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक विभागून मिळालें, आणि चीनचा 'सुवर्ण-कोंबडा' दुसऱ्यांदा तिच्या घरीं आला. त्याच वर्षीं बर्लिनच्या परीक्षकमंडळाचें आणि २००२ सालीं व्हेनिसच्या परीक्षकमंडळाचें अध्यक्षपद तिनें भूषविलें. जेथें पूर्वीं तिच्या चित्रांची परीक्षा झाली होती, तेथेंच आतां ती परीक्षक म्हणून बसली.

यानंतर तिनें परभाषेंतहि कामें केलीं. २००५ सालच्या 'मेम्वार्स ऑफ अ गेशा'मधील मत्सरानें जळणाऱ्या हात्सुमोमोच्या भूमिकेला अमेरिकेच्या 'नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू' या संस्थेचें पारितोषिक मिळालें. २००६ सालीं 'कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर'च्या निमित्तानें ती अकरा वर्षांनीं झांग यिमोउकडे परतली, आणि विष भिनत असतांहि मान ताठ ठेवणाऱ्या सम्राज्ञीच्या भूमिकेबद्दल तिला हाँगकाँगचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान लाभला. २००८ सालीं तिनें सिंगापूरचें नागरिकत्व घेतलें, तेव्हां चीनमध्यें तिच्यावर पुष्कळ टीका झाली. तथापि तिच्या भूमिकांचा देश बदलला नाहीं.

याची साक्ष २०१४ सालच्या 'कमिंग होम'मध्यें मिळते. राजकीय कैदेंतून सुटून नवरा घरीं येतो; पण सोसलेल्या हालांनीं पत्नीची स्मृति ढळलेली असते, आणि ती त्याला ओळखत नाहीं. महिन्याच्या पांच तारखेला तो येणार, एवढेंच तिच्या ध्यानांत राहिलेलें आहे. म्हणून दर महिन्याला त्या दिवशीं ती त्याच्या नांवाची पाटी घेऊन रेल्वे-स्टेशनावर जाते. कित्येक वर्षांनंतरच्या शेवटच्या दृश्यांत, पडत्या बर्फांत, तो नवराच स्वतःच्या नांवाची पाटी हातीं धरून तिच्या शेजारीं उभा आहे, आणि दोघेंहि त्याचीच वाट पाहत आहेत. या भूमिकेंत गोंग लीला आक्रोशाचे प्रसंग फारसे नाहींत. लाली उतरलेला चेहरा, पांढरे झालेले केस, आणि दाराकडे लागलेले डोळे एवढ्याच सामग्रीवर तिनें ती उभी केली आहे. जाब विचारावयाचा तो कोणाला, हेंहि या स्त्रीला आठवत नाहीं. पण तिचें तेथें उभें राहणें हाच तिच्या पिढीचा जाब होऊन बसला आहे.

'रेड सॉर्घम'मधली वधू एका खेचरावर विकली गेली. च्यू जूनें जमिनीवर फेकलेल्या नोटा उचलल्या नाहींत. 'टू लिव्ह'मधल्या आईनें येणें असलेला जीव हिशेबांत मांडून दुसऱ्याचा जीव वांचविला. माणसाची किंमत पैशांत चुकती होत नाहीं, ही एकच गोष्ट गोंग लीच्या या स्त्रिया निरनिराळ्या वेषांत सांगत आल्या आहेत. परीक्षकांनीं तिला चषक दिले, राज्यकर्त्यांनीं तिचे चित्रपट कधीं अडविले, कधीं मोकळे केले. पण खेड्यांतून मिरच्या विकून निघालेली ती गरोदर शेतकरीण ज्यानें एकदां पाहिली, त्याला पुढें कोणत्याहि कचेरीच्या दारांत हातांत कागद घेऊन उभी असलेली बाई दिसली, तर तिचें म्हणणें पुरतें ऐकून घेतल्याशिवाय पुढें जाणें कठीण पडेल. गोंग लीच्या अभिनयाचें खरें यश मोजावयाचें तें तेथें.